खरखर, घूं आणि टक

मोताळ्याच्या जुनेदला आवाज सहन होत नसे. आता बँडवाल्याला आवाज सहन होत नाही म्हणजे हलवायाला साखर सहन होत नाही, त्यातलाच प्रकार. पण होता खरा. ढोल चालायचा, ताशा चालायचा, कर्णे कानाशी किंचाळले तरी त्याच्या कपाळाला आठी पडायची नाही. पण जो आवाज कोणी वाजवायला सांगितला नाही तो वाजला, की याचं डोकं फिरलंच म्हणून समजा. पंख्याची करकर, स्टोची फरफर, शेजारच्या बकरीच्या गळ्यातली फुटकी घंटा, सगळ्यांशी त्याचं वैर. एकदा सासुरवाडीला जेवायला बसला असता सासऱ्याच्या जबड्याची कटकट ऐकून हा पठ्ठ्या भरल्या ताटावरून उठला. तेव्हापासून सासऱ्यानं त्याला जेवायला बोलावलं नाही. बायको अलफिया चार दिवस बोलली नाही. जुनेद म्हणाला, "बरं झालं, घरात शांतता हाये."

हा रोग त्याला मुंबईत जडला. विशीत तो तिथल्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओत वायरी गुंडाळायला होता. काचेपलीकडे बसलेला रेकॉर्डिस्ट मधेच बोट वर करायचा आणि म्हणायचा, "आवाज आला." झालं, सगळं थांबायचं. कसला आवाज? कोणाची बांगडी, कोणाची चप्पल, कोणाचं उपाशी पोट. तो शोधून काढणं हे जुनेदचं काम. पुढे तिथे कॉम्प्युटर आले, आणि कोपऱ्यात धूळ खात पडलेला जुना जपानी सॅम्पलर मालकानं त्याला देऊन टाकला. जुनेद तो मांडीवर घेऊन थेट मलकापूरला उतरला. हमालानं विचारलं, "काय हाये बे, पेटी?" जुनेद म्हणाला, "पेटीचा बाप हाये."

दिसायला खरंच पेटीसारखा. पुढे काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, वर हिरवी काचेची बारकीशी खिडकी, बाजूला फ्लॉपी घालायची फट. त्याचं काम एवढंच की त्याला एखादा आवाज ऐकवायचा, तो गिळून ठेवतो, आणि मग पट्टी दाबली की तोच आवाज पाहिजे त्या सुरात काढून देतो. वरची पट्टी दाबली तर बारीक आणि भरभर, खालची दाबली तर जाड आणि सावकाश. जुनेदच्या आईनं, शाहजादीबींनी, पहिल्याच दिवशी त्याला आपली तलंगी कोंबडी ऐकवली. पुढचा आठवडाभर त्या घरातून मंगलधून कोंबडीच्या आवाजात ऐकू यायची, आणि खरी कोंबडी अंगणात वेड्यासारखी गोल गोल फिरायची.

मग जुनेदनं त्याला बापाची सनई ऐकवली. जब्बारभाई म्हणजे नळगंगा नदीच्या दोन्ही अंगांचा सनईवाला. त्यांच्याशिवाय लग्न लागलं तर लोकांना ते अर्धवटच वाटायचं. भिंतींना गोधड्या टांगून, बकरी शेताकडे हाकलून देऊन, जुनेदनं अब्बांचा एकेक सूर मशीनमध्ये घेतला आणि फ्लॉपीवर उतरवला. बरं झालं घेतला. कारण पुढे तंबाखूनं आपला हिशोब केला. जब्बारभाईंचा एकेक दात निघाला आणि ओठांचा आधारच गेला. सनई फुंकली की हवा भलतीकडूनच निघायची. बुलडाण्याहून कवळी करून आणली, ती हिरड्यांना टोचायची. कवळी गेली स्टीलच्या गिलासात आणि सनई गेली खुंटीवर. तेव्हापासून लग्नात जुनेद पट्ट्या दाबायचा, जब्बारभाईंची सनई भोंग्यातून वाजायची, आणि जब्बारभाई घरी बसून मऊ भात खायचे. त्यांच्या सनईची या दुनियेत फ्लॉपी एकच. दुसरी काढू, काढू म्हणता राहून गेली.

ते बोंडअळीचं साल होतं. आमच्याकडे एवढं म्हटलं की तारीख सांगावी लागत नाही. अळी लागत नाही म्हणून विकलेल्या बीटी बियाण्याच्या पाकिटावर टपोरं, गोरंपान बोंड छापलेलं. शेतातलं बोंडही बाहेरून तसंच दिसायचं, आणि उकललं की आत गुलाबी अळी मालकिणीसारखी बसलेली. पलीकडच्या खेड्यातल्या वामनरावांचं तर अख्खं वावर बसलं. जुनेदच्या दोन एकरात बरा कापूस थोडा निघाला, बाकी सगळी कवडी, म्हणजे पिवळा पडलेला, चिकटलेला, व्यापारी नुसता चिमटीत धरून नाक मुरडतो तसला. भाव चढेल म्हणून सगळे करतात तेच त्यानं केलं, तो घरात भरला. पुढची खोली आढ्यापर्यंत कापसाची. येणारा-जाणारा भिंतीला पाठ घासत आत शिरायचा आणि मग दिवसभर अंग खाजवत बसायचा.

आणि इथेच जुनेदचा शहाणपणा नडला. सॅम्पलर लोखंडी कपाटावर ठेवला तर कपाट करकरे. खाली ठेवावा तर कोंबड्या. मग घरात सगळ्यात मऊ, सगळ्यात शांत जागा कोणती? त्यानं कापसाच्या ढिगात छान खळगा केला, मशीन त्यात निजवली आणि वरून परत कापूस पांघरला.

"मिशिनीले गादी भेटली," जब्बारभाई म्हणाले, "बापाले अजून चटईच हाये."

अशात एक दिवस वामनराव आले. उंच, वाळके, धोतराचा सोगा हातात. कापसाच्या कडेनं सरकत आत आले, बसले, पाणी प्याले, आणि म्हणाले, "सुचिताचं लगन पुढच्या आठवड्यात हाये, जब्बारभाई. डीजे सांगितला होता, तो नाई म्हणून टाकला. अळीनं बोंडं खाल्ली, आता डीजेले कान काऊन खाऊ देऊ? पोरगीच म्हणाली, बाबा, राहू द्या. पण तुमची सनई पाह्यजे. माह्या लगनात वाजली, पोरीच्या लगनात वाजली पाह्यजे. या साली एक तरी गोठ मनासारखी होऊ द्या."

जब्बारभाईंनी तोंड उघडून दाखवलं. "आत नुसती जीभ राह्यली, वामनराव."

"मिशिनीत तं हाये ना सगळं?"

"हाये काका," जुनेद मधेच बोलला. "अशी साफ वाजवतो का पाहुणे पाहत राह्यतीन."

शब्द देऊन बसला. वामनराव गेल्यावर त्यानं मशीन कापसातून उपसली, वायर जोडली, पट्टी दाबली, आणि जी सनई निघाली ती ऐकून त्याचा चेहराच उतरला. पाठीमागे घूं घूं घूं, मधूनमधून खर्रर्र, खर्रर्र, आणि त्या गर्दीत सनई बिचारी कुठेतरी रडत होती.

जुनेदची झोप उडाली. वायरी बदलल्या, भोंगा बदलला, घरातल्या ट्यूबलायटी बंद केल्या, शेजाऱ्याला फ्रिज बंद करायला लावला. शेजाऱ्याचं दूध नासलं ते वेगळंच. घूं आपलं चालूच. शेवटी मोतीराम वायरमनला बोलावलं. आता या मोतीरामचं असं, की दुनियेतल्या कुठल्याही बिघाडावर त्याचं निदान एकच, अर्थिंग. मिक्सर जळला, अर्थिंग. टीव्हीवर मुंग्या आल्या, अर्थिंग. त्याचा स्वतःचा पोरगा दहावीत आपटला तेव्हाही बाप पहिल्यांदा मीटरकडे पाहत होता म्हणतात. आल्याबरोबर त्यानं कानाला हात लावला आणि म्हणाला, "अर्थिंग."

"तू पायताण काढाच्या आधीच सांगतं बे," जुनेद कावला.

"खड्ड्यात मिठाचं पाणी टाका. मंग बोल मले."

शाहजादीबी आत गेल्या आणि लोणच्याची मोठी बरणी घेऊन आल्या. कैऱ्या कधीच संपल्या होत्या, तळाला खारं पाणी तेवढं राहिलं होतं. "मीठ नवं काऊन वाया घालवता?" म्हणाल्या, आणि ते सगळं पाणी, मोहरी-मेथीसकट, अर्थिंगच्या खड्ड्यात ओतलं. जुनेदनं पट्टी दाबली. घूं नाही. पुन्हा दाबली. नाहीच. सगळ्यात जास्त दचकला तो मोतीराम. आयुष्यात पहिल्यांदाच खरोखर अर्थिंग निघालं होतं. "बाप रे," तो हळूच म्हणाला, आणि चहासुद्धा न घेता गेला. गल्लीतल्या बकऱ्या मात्र त्या दिवसापासून खड्ड्याभोवती मुक्कामाला आल्या.

राहिली खरखर. ती कधी यायची, कधी जायची, आणि मशीन तापली की हमखास यायची. जुनेदनं पेचकस घेतला आणि झाकण उघडलं. आत कापूस! पंख्यानं आजूबाजूची सगळी कवडी ओढून घेतली होती. जाळीत गुंडाळी, पट्ट्यांखाली पुंजके, जिथं म्हणून फट तिथं धागा. जुनेद चिमट्यानं उपसत बसला. आणि सगळ्यात खाली, ट्रान्सफॉर्मरच्या उबेला, कापसाचं अंथरूण करून एक गुलाबी अळी निवांत पडलेली.

"अम्मी!" जुनेद ओरडला.

सगळं घर धावत आलं. जब्बारभाईंनी वाकून नीट पाहिलं. "बीटीले नाई भ्याली," ते म्हणाले, "जपानले काय भ्येते?"

अळी कोंबडीला दिली. कोंबडीनं पणजीचा जुना सूड उगवल्यासारखी ती एका घासात संपवली. मशीन पुसून, झाडून, मऊ ब्रशानं साफ करून जुनेदनं पट्टी दाबली, आणि सनई अशी निघाली की त्याच्या अंगावर काटा आला. घूं नाही, खरखर नाही. इतकी साफ ती कधी ऐकलीच नव्हती. त्यानं डोळे मिटले. सूर वर गेला, खाली आला, संपत आला, आणि...

टक.

जुनेदनं डोळे उघडले. पुन्हा पट्टी दाबली. सूर, आणि शेवटी, टक. बारीकसा आवाज, पण होता. इतकी वर्षं बँडच्या गलक्यात आणि मशीनच्या कुरबुरीत तो झाकून गेला होता. आता मशीन शांत झाली तसा तो उघडा पडला, आणि एकदा कानात शिरला तो निघेचना. हेडफोन लावले तर जास्तच. जुनेदनं पुन्हा पेचकस घेतला, पेच आवळले, पट्ट्या दाबून पाहिल्या, फ्लॉपी झटकली. टक. मग ढोलकीची फ्लॉपी घातली. टक नाही. पुन्हा सनईची घातली. टक. वरची पट्टी दाबली तर टिक. खालची दाबली तर टॉक्क.

तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. मशीनचा आवाज असता तर तो कुठलीही पट्टी दाबली तरी सारखाच राहिला असता. हा तर सुराबरोबर बारीक होतो, जाड होतो. म्हणजे टक मशीनमध्ये नाही, सनईतच आहे. गोधड्या टांगून सूर घेतले तेव्हा काहीतरी वाजलं असणार आणि आपण बोट वर केलं नाही! एवढ्या वर्षांनी त्याला स्वतःची शरम वाटली. त्यानं हिरव्या खिडकीत पाहत, एकेका सुराची शेपटी केसाकेसानं मागे सरकवली आणि टक कापून टाकली. प्रत्येक सुराची. मग ते फ्लॉपीवर ठेवलं. नवी फ्लॉपी होती कुठे? मलकापुरात विचारली तर दुकानदारानं आपल्या बापाला आतून बोलावलं, आणि बाप म्हणाला, "ते तं कधीच मेलं." म्हणून जुन्या फ्लॉपीवरच, जुनं पुसून, नवं. मशीननं विचारलंसुद्धा, नक्की का? जुनेदनं छाती फुगवून बटण दाबलं.

मग त्यानं घरच्यांना बोलावलं. "आता ऐका म्हणा साफ कशाले म्हणतात."

वाजवली. पहिली ओळ, दुसरी ओळ, मंगलधून सगळी. शाहजादीबी सरकीचे दाणे निवडत होत्या, त्यांचा हात थांबला.

"हे कोण वाजवून राह्यलं?"

"कोण म्हणजे? अब्बा."

"नाई," त्या म्हणाल्या.

जुनेदनं अब्बांकडे पाहिलं. जब्बारभाई मान हलवत ऐकत होते, पाहुण्याचं गाणं ऐकावं तसं अदबीनं. "चांगली हाये सनई," ते म्हणाले. "कोणाची हाये?"

शाहजादीबीच म्हणाल्या, "तुह्या बापाचा दात कुठी गेला, पोरा?"

"कोणता दात?"

"आता पाह्य! कोणता दात म्हणते!" शाहजादीबी एकदम चिडल्या. "ह्यायचा पुढचा. जवानीत बैलगाडीतून पडले, तो अर्धा तुटला आन् बाहेर आला. सनई फुंकली का दम सुटताना तो सनईच्या तोंडच्या पितळेच्या चकतीले लागे. टक. दर बारीले टक. आमचं लगन ठरलं तं मले कोणी चेहरा दाखवला नाई, नुसतं अर्धा दात हाये एवढं सांगितलं. बाहेर सनई वाजली, टक झालं, मी म्हटलं, अल्ला, अर्ध्या दाताचा तो हाच!"

"मंग रडली का?" जब्बारभाईंनी विचारलं. हे त्यांनाही नवीन होतं.

"हसली," शाहजादीबी म्हणाल्या. "अजून हसून राह्यली."

जुनेद मात्र हसला नाही. लग्न दोन दिवसांवर. पुसलेलं परत येत नाही, हे त्याच्याइतकं त्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं. अब्बांची सनई जगात एकाच जागी होती आणि तिथून त्यानंच अब्बांना झाडून बाहेर काढलं होतं. मग तो नवी टक करायला बसला. चमचा वाटीवर आपटून मशीनला ऐकवला. खिळा ऐकवला, सुपारी ऐकवली, अडकित्ता ऐकवला. अलफियाची बांगडी ऐकवली, ती फुटली. एकही टक अब्बांची होईना. शेवटी लाज सोडून त्यानं सासऱ्याला फोन लावला. "मामू, जरा फोनमधी जबडा वाजवता का?" सासऱ्यानं फोन ठेवून दिला. आता तर सणालाही बोलावणं येणार नाही, हे अलफियानं तिथल्या तिथे सांगून टाकलं.

लग्नाच्या दिवशी जुनेदनं मशीन टेम्पोत चढवली. तोंड एवढंसं झालेलं. वामनरावांना काय सांगावं, याची तो मनात जुळवाजुळव करत होता आणि एकही वाक्य जुळत नव्हतं. तेवढ्यात मागून कोणीतरी टेम्पोत चढलं. पांढरा पायजमा, ठेवणीतली टोपी, हातात खुंटीवरची सनई, आणि गाल कितीतरी वर्षांनी भरलेले. तोंडात कवळी.

"अब्बा, तुम्ही? तुमच्यानं फुंकणं होईन का?"

"फुंकाले तुही मिशीन हाये ना," जब्बारभाई म्हणाले. कवळीमुळे शब्द शिट्टी वाजवत बाहेर पडत होते. "म्या नुसता दात घेऊन आलो."

वामनरावांच्या दारात मांडव लहानच होता. नवरदेवाकडची मंडळी आली, जुनेदनं पट्टीवर बोट ठेवलं, आणि सनई सुरू झाली. साफ, गोड, कोणाचीही. शेजारी जब्बारभाई खुर्चीत बसले होते, सनईची चकती दाताशी धरून. ओळ संपली. टक. जरा उशिरा आली. दुसरी ओळ संपली, टक जरा आधीच आली. तिसऱ्या ओळीला कवळीच निसटली, त्यांनी जिभेनं ती परत बसवली, आणि त्या भानगडीत दोनदा टक झालं. पुढच्या रांगेतलं एक पोर खिदळलं. एक पाहुणी म्हणाली, "अवो, म्हातारा काय खाऊन राह्यला?" जुनेदच्या कानशिलावरून घाम ओघळला. पण चौथ्या ओळीला सूर सुटला आणि टक अगदी तिथल्या तिथे पडली, जिथं ती आयुष्यभर पडत आली होती.

मांडवाच्या तोंडाशी वामनराव व्याह्यांना टिळा लावत होते. त्यांचा अंगठा व्याह्यांच्या कपाळावर तसाच राहिला. मग ते व्याह्यांना तिथंच सोडून सरळ खुर्चीपाशी आले.

"आला," ते म्हणाले. "आला जब्बारभाई."

त्यांचे डोळे भरले होते आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. "जुनेद, तुले सांगतो," ते म्हणाले, "माह्या लगनात मले घोड्यावर बसवलं. बाशिंगानं डोये झाकलेले, कोणी फटाका लावला, घोडं बिथरलं. मी एवढा भेलो का उतरून पळतच होतो. कोणी दिसे ना, काही नाई. नुसतं कानापाशी हे टक, टक. म्हटलं, चला, आपलं कोणीतरी हाये बाजूले. तवा बसून राह्यलो." ते थांबले, नाक ओढलं. "या साली बी तसंच झालं लेका. काही दिसून नाई राह्यलं."

जब्बारभाईंना उत्तर देता येत नव्हतं, तोंडात सनई होती. त्यांनी नुसती मान हलवली आणि ओळ संपायची वाट पाहिली. टक.

आता ती कवळी नुसती टकच करत होती असं नाही. ती शिट्टी वाजवत होती, करकरत होती, मधेच चप्प करून चिकटत होती. जुनेदला ते सगळं ऐकू येत होतं, एकूणएक. त्यानं एका हातानं पट्ट्या धरल्या, दुसऱ्या हातानं आपल्यापुढचा माइक उचलला आणि अब्बांच्या तोंडापाशी नेऊन ठेवला.

जब्बारभाईंनी भुवया उंचावून विचारलं, येते का?

"हाव अब्बा," जुनेद म्हणाला. "आवाज आला."